अर्धं याला, अर्धं त्याला

मी एक जुनी मतपेटी आहे. ठाण्याच्या एका कचेरीच्या माळ्यावर गंजत पडले आहे. मित्रांनो, माझं कौतुक करावं असं मी काही केलेलं नाही. पण माझ्या पोटात एकदा जे पडलं, ते सांगितल्यावाचून मला चैन पडायचं नाही.

मुंबईच्या कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं. देशातली पहिली मोठी निवडणूक होती, मग काय विचारता आमचा तोरा! तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पडद्याआड जायचं, आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा, की झालं. माझ्यावर होडीचं चित्र डकवलं, शेजारणीवर दिव्याचं. पलीकडे सत्तेतल्या पक्षाची पेटी होती.

आम्हांला खाडीकाठच्या मिठागराजवळच्या शाळेत आणून ठेवलं. तिथं मी सुमतीबाईंना पाहिलं. त्या डोंबिवलीच्या शिक्षिका, कोणत्याच पक्षाच्या नव्हत्या. मिठागरात राबणाऱ्या बायका गोडं पाणी दोन कोसांवरून आणतात, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. होडीवाले मजुरांचे, दिवेवाले शेतकऱ्यांचे. दोघेही वस्तीला नळ देऊ म्हणत, पण एकमेकांचं तोंड पाहत नसत. एकच उमेदवार उभा करा, म्हणून बाईंनी दोघांचेही उंबरठे झिजवले. कोणी ऐकलं नाही.

आदल्या संध्याकाळी शाळेच्या अंगणात त्या बायकांना म्हणाल्या, "चूल तीन दगडांवर उभी राहते ना? राज्यही तसंच हवं. सगळं एकाच्या हाती गेलं की तो कुणाचं ऐकत नाही. दोघं-तिघं मिळून बसले की एकमेकांचा धाक राहतो, आणि तुमचं गाऱ्हाणं एकाच्या तरी कानी पडतं. उद्या होडीला मत द्या. मग दिवेवाल्यांनाही आपण राज्यात बरोबर घ्यायला लावू."

"पटला गो बाय," सगुणा म्हणाली. वस्तीतल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नसत. "दोगांना मिलून बसवायचा."

बाई खुशीत निघून गेल्या. एकीचं मत एकच, ते अख्खंच टाकायचं, हे सांगायला हवं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

मिठागरातल्या बायकांची एक रीत होती. दोघींचा एका वस्तूवर हक्क असला की ती अर्धी-अर्धी करायची, म्हणजे तंटा नको. सकाळी सगुणा पडद्याआड आली. तिनं माझ्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं, हात जोडले, आणि मतपत्रिका घडी घालून मधोमध फाडली. एक तुकडा माझ्यात, दुसरा दिव्याच्या पेटीत. मी कळवळले. पण पत्र्याला कुठली वाचा! तिच्यामागून आणखी तीस जणींनी तेच केलं.

मोजणीच्या दिवशी ते तुकडे बाद झाले. सत्तेतल्या पक्षापुढं होडी एकोणीस मतांनी हरली. होडीचे कार्यकर्ते त्र्यंबकराव बाहेर येऊन बाईंना म्हणाले, "एकतीस मतं फाटकी निघाली हो, सगळी तुमच्या मिठागरातली." बाई पायरीवर बसल्या. मी शेजारीच ओसरीवर रिकामी पडले होते.

तेवढ्यात सगुणा बायकांना घेऊन चालत आली. "बाय, आला ना आपला राज? अर्दा याला दिला, अर्दा त्याला. कोनाला नाराज नाय केला."

"सगुणाबाई," बाई म्हणाल्या, "फाटकं मत धरत नाहीत. चूक माझी आहे. मी सांगितलंच नाही."

सगुणानं मागच्या बायकांकडं वळून पाहिलं.

"म्हंजे आमाला मोजलाच नाय?"

मित्रांनो, त्या प्रश्नानं मी आजही आतून हलते. पुढच्या निवडणुकीत ते दोन्ही पक्ष एक झाले. दोघांची मिळून एकच पेटी होती. सगुणा मात्र रांगेत नव्हती. नळ आलाच नव्हता. डबक्याचं पाणी पिऊन ती आदल्या उन्हाळ्यात पटकीनं गेली होती.

त्याही वेळी बाई आदल्या संध्याकाळी अंगणात आल्या. भाषण त्यांनी केलं नाही. एकेकीजवळ बसून त्या एवढंच म्हणत होत्या, "मी काय म्हटलं ते आता तू मला सांग." तुम्हीही कुणाला काही समजावलंत, तर उठण्याआधी एवढं विचारा.