मुराळी

जहाजावर तिथी कळत नाही. तिथं फक्त वार आणि भांडी. सात महिने जहाजाच्या स्वयंपाकघरात भांडी घासल्यावर मला सुरतेजवळच्या मगदल्ला बंदरात एक दिवसाची सुट्टी मिळाली, संध्याकाळी सहापर्यंत. बहिणीच्या हातची कळण्याची भाकरी खायची आणि न हलणाऱ्या जमिनीवर झोपायचं, एवढंच मनात होतं.

सुरतेच्या गोडादऱ्यात बहिणीनं, मंगलाबाईनं, दार उघडलं. माझ्या खांद्यावरची पिशवी पाहून तिचे डोळे भरले.

"अखाजीले माले लेवाले उना ना, भाऊ?"

अखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, चार दिवसांवर होती; त्या दिवशी माहेरवाशिणी झाडाला झोके बांधून खेळतात. सासरी असलेल्या बहिणीला सणासाठी माहेरी न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. वडील गेल्यापासून चार वर्षं तिला न्यायला कुणीच आलं नव्हतं. मी तोंड उघडेपर्यंत तिनं शेजारणींना हाकाही मारल्या. मग माझ्याच्यानं 'नाही' म्हणवेना.

"लखनले शहर दखाडी आना," तिनं नवऱ्याला सांगितलं. "तवलोंग मी बोचकं भरस."

धुडकू दाजी लूमवरची रात्रपाळी करून नुकतेच आले होते. दोघं अर्धमेले, आणि निघालो सुरत बघायला. तापीकाठच्या किल्ल्याला बाहेरून एक चक्कर मारली. मग इंग्रजांची थडगी. मेलेल्यांना एवढाले घुमट आणि दाजींना दहा बाय दहाची खोली! माझं डोकंच फिरलं. चौकात उभ्यानं लोचो, तो सुरती मऊ ढोकळा, खाल्ला. दर कोपऱ्यावर वाटे, आता सांगावं, दर कोपऱ्यावर दाजी म्हणत, "आनखी एक दखाडस." पायांचे तुकडे पडले.

डुमसच्या काळ्या वाळूत बसलो तेव्हा अडीच वाजले होते. दूर एक जहाज उभं होतं. मी सांगून टाकलं.

"माले सकाळीच समजनं," दाजी म्हणाले. "तू घडी घडी घड्याळ देखी ऱ्हायना."

"मंग दिवसभर हिंडाडं कशाले?"

"तिले एक दिवस तरी बोचकं भरू दे म्हनीसन."

मला त्यांचा राग आला, मग स्वतःचा जास्त आला.

घरी पोचलो तर मंगलाबाई ठेवणीतलं पातळ नेसून बसलेली. दारात शेजारणी. मी तिला आत नेऊन सांगितलं. ती बोचक्यावर बसली, जरा वेळ त्याची गाठ चाचपत राहिली.

"कितला वाजता?"

"सहाले."

"मंग माले बंदरलोंग लई चाल. आख्खी गल्लीले सांगी टाकं मी. भेस्तानले मैतरीन सुभद्राबाईकडे आठ दिन राहसू."

शेजारणींनी तिला कुंकू लावलं. मी बोचकं उचलून पुढं चाललो, मुराळी चालतो तसा. मागं दाजी आणि ती.

बंदराच्या फाटकाशी रिक्षातून उतरलो. तिनं सांजोऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला.

"परत गऊ का बाया पुसतीन, झोका कोठे बांधा व्हता. काय सांगू?"

"आपला दारना निंबले."

ती दिवसभरात पहिल्यांदा हसली. जहाजाची नोकरी धरायच्या वेळी तो निंब मीच तोडून विकला होता. तिला ते कुणी कळवलं नव्हतं. मी डबा छातीशी धरून आत गेलो.