डांगरावरची शीला

सार्थकचे हात कधी स्वस्थ बसायचे नाहीत. घोडेगावात भांड्यांच्या दुकानात तो नावं घालायला होता. दुकानात करकर करणारं विजेचं मशीन आलं, तरी हा आपला छिन्नी-हातोडी घेऊन टिकटिक टिकटिक, टिंबाला टिंब जोडत बसणार. सुट्टीला शिनोलीत घरी असला की सायकलचं मडगार्ड म्हणू नका, आण्णांच्या विळ्याची मूठ म्हणू नका, जे सापडेल त्यावर नक्षी! त्या आषाढात त्याला गोठ्याच्या कुडावर चढलेल्या वेलावर डांगर सापडलं. हिरवंगार, जेमतेम मुठीएवढं.

"दादा, त्याला कशाला छळतोस? भोपळा हाय तो, तांब्या न्हाई," वृषाली म्हणाली.

"गप गं, नववी ब! तुला काय कळतंय?"

त्यानं बाभळीचा काटा मोडला, जीभ दातांत धरली आणि कोवळ्या सालीवर दोन अक्षरं ओढली. शीला.

आई शेणाची पाटी घेऊन मागंच उभी होती. "आरं मुडद्या, माझं नाव?"

"मग! घरातल्या समद्या भांड्यांवर बघ. हंड्यावर आण्णांचं गोरख, परातीवर गोरख. तू माहेरनं आणलेल्या घागरीवर सुदिक मामाचंच नाव. म्हणलं, एका तरी वस्तूवर तुझं असू दे."

"आन् ती वस्तू काय, तर डांगर!" आई एवढी हसली, एवढी हसली, की पाटी खाली ठेवावी लागली.

श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि सार्थक गेला.

वेलाला त्याचं काय! तो आपला वाढत राहिला. काट्याच्या ओरखड्यांवर खपली धरली, खपली उंचावली, आणि डांगर फुगेल तशी अक्षरंही फुगत गेली. दिवाळीला डांगर घागरीएवढं होऊन पिकलं, तेव्हा त्यावरची शीला चांगली वीतभर झाली होती. डोळे मिटून बोट फिरवलं तरी वाचता यावी अशी.

आईनं ते कणगीवर ठेवलं. येता-जाता ओल्या हातानं त्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि पुढं जायची. शेजारच्या कुशाबाईंना काही ते बघवेना.

"शीले, डांगर काय पूजायला ठिवलंय व्हय? गूळ घालून घाऱ्या कर की. लेकराच्या नावानं चार तोंडं गोड व्हतील."

"न्हाई," आई म्हणाली. त्यापुढं कुशाबाईंनीही विषय काढला नाही.

दुकानाच्या मालकांनी सार्थकची छिन्नी-हातोडी घरी पाठवली होती. वृषालीनं आधी ती नुसती उशाशी ठेवली. मग एका दुपारी रिकाम्या डालड्याच्या डब्यावर ठोका घालून बघितला. मग झाकणावर. मग घरातलं एकही झाकण सुटलं नाही! पान जमलं, मोर जमला, मोराचा तुरासुद्धा जमला. आपल्याला येतंय, हे कळल्यावर तिला जे काही वाटलं, त्याला ती स्वतःच घाबरली. दादाला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन जाहीर झालं. वृषाली थेट आईपुढं जाऊन बसली.

"डांगर दे. त्याच्यावर कोरते."

"अख्ख्या डांगराला बाईमाणूस पयली सुरी लावत नाय, वृषे. थोरल्या लेकावानी असतंय ते."

"मी कापणार न्हाई गं! नुसती साल खरवडणार. दादाच्या अक्षरांना हात पण न्हाई लावणार. भोवतीनं वेल, पानं, दोन पाखरं."

आईनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "त्याच्यासारखं येईल?"

"त्याच्यापेक्षा भारी येईल!" वृषाली बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पण आई हसली. श्रावणानंतर पहिल्यांदाच हसली.

आणि खरंच भारी आलं! टणक शेंदरी साल, तिच्यात हळदीसारख्या पिवळ्या रेघांची वेलबुट्टी, मधोमध शीला. पोरांनी वर्गात रेटारेटी केली. आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. पाहुण्या बाईंनी विचारलं, "ही शीला कोण हो?"

"मी," आई म्हणाली. असं म्हणाली, की वृषालीला प्रदर्शनात आलेल्या नंबरापेक्षा त्या एका शब्दाचाच आनंद झाला.

संक्रांत उलटली आणि एका पानाची कड तपकिरी झालेली वृषालीला दिसली. मग पाखराची चोच. मग रेघांतून पाणी सुटायला लागलं. तिनं गुपचूप मेणबत्ती वितळवून भरली, हळद चेपली, राख चेपली. शेवटी आण्णांना बोलावलं. त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितलं. अंगठा आत गेला.

"सार्थकनं कोरलं तवा ते कवळं व्हतं, वेलाला व्हतं. वेल जखम भरून काढतो, बाय. तोडलेल्या डांगराची जखम कोण भरणार?"

मागं आई उभी होती. तिनं ऐकलं. पुढं येऊन अक्षरावर बोट ठेवलं, तर 'ला'चा काना सालीसकट घसरून तिच्या बोटाला चिकटून आला.

"आई, मार मला. शिव्या दे. काय तरी बोल!"

"कशाला? झ्याक काढलं व्हतंस," आई म्हणाली. बोट मात्र तिनं पुसलं नाही, तसंच उचलून धरून ती चुलीपुढं जाऊन बसली.

आण्णांनी विळा घेतला आणि परत ठेवला. कापायला त्यांचाही हात धजेना. त्यांनी बांधाच्या कडेला खड्डा खणला आणि डांगर पोत्यात गुंडाळून अख्खंच पुरलं.

श्रावणात वर्षश्राद्ध आलं. भावकीत वाटायला आण्णांनी स्टीलचे पेले आणले. नाव घालून आणतो म्हणून ते पिशवी उचलायला लागले, तशी आईनं पिशवी धरली.

"मशीनचं नको. वृषी घालील."

वृषालीनं पेला मांडीवर घेतला. सार्थकच्या नावाआधी 'कै.' हे अक्षर आजवर घरात कुणी उच्चारलं नव्हतं. "काय घालू, आई?"

"समदे घालत्यात तेच." आई म्हणाली. "कैलासवासी सार्थक."

वृषालीनं छिन्नी टेकवली. 'क' झाला. दोन मात्रांपाशी हात थांबला. गुळगुळीत पेला मांडीवरून घसरायला लागला. आई सरकून जवळ बसली आणि तिनं पेला दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"दाबून घाल," ती म्हणाली. "पुसाय नको."