पिठाचा गुंता

अश्विनीचा हात मानेमागे गेला आणि तिथेच थांबला. अंबाड्याच्या खाली, मानेच्या खळग्यात, बोटांना काहीतरी टणक लागलं होतं. चांगलं सुपारीपेक्षा मोठं. तिने ते चिमटीत धरून ओढलं. डोळ्यांत पाणी आलं, पण गाठ सुटली नाही. न्हाणीच्या दाराला पाठ लावून तिने पुन्हा चाचपून पाहिलं.

"अश्विनी, आटप बाय. माळ चढवायची हाय," बाहेरून सासूची हाक आली.

"आले, आत्या."

तिने अंबाडा सोडला, खाली ओढून पुन्हा बांधला, गाठ झाकली आणि वर पदर घेतला. आरशात मागचं दिसत नव्हतं. दिसत नव्हतं तेच बरं होतं.

लग्नानंतरचं हे तिचं पहिलं नवरात्र. पासलीच्या या घरात घट बसले की बायकांनी दसऱ्यापर्यंत डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि केसांना कंगवा लावायचा नाही. सासूने, सगुणाबाईंनी, ते तिला भाताला पाणी किती घालायचं हे सांगावं तितक्या सहज सांगितलं होतं. सारोळ्याला, माहेरी, असलं काही नव्हतं. आणि अश्विनीचे केस म्हणजे जन्मजात तेलकट. सकाळी धुवावेत तर संध्याकाळी त्यांत वात भिजवून घ्यावी, असं तिचा भाऊ चिडवायचा. त्यातून ती वेल्ह्याला औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. कपाळाला चिकटलेल्या बटा घेऊन गिऱ्हाइकाला गोळ्या द्यायची तिला भारी लाज वाटत होती.

भोरच्या शेफालीने, तिच्या मैत्रिणीने, फोनवर तोड सांगितली. पाण्यावाचून शाम्पू, घरच्या घरी. कॉर्नफ्लॉवर केसांच्या मुळांना चोळायचं, जरा थांबायचं, ते तेल शोषून घेतं, मग कंगव्याने सगळं झाडून काढायचं. काळ्या केसांत पांढरं दिसू नये म्हणून थोडी कोको पावडर. पासलीत कुठलं कॉर्नफ्लॉवर आणि कुठली कोको पावडर! अश्विनीने तांदळाचं पीठ घेतलं आणि रंगाला नाचणीचं. पहिल्या दिवशी केस असे मोकळे झाले की ती एसटीत खिडकीशी बसून स्वतःशीच हसली.

एकच गोष्ट राहून गेली. कंगवा लावायचा नव्हता, म्हणून ती पीठ बोटांनीच झाडायची. वरचं झडायचं, आतलं तिथेच राहायचं. त्यावर घाम, त्यावर सकाळचं दाट धुकं, त्यावर दुसऱ्या दिवशीचं पीठ. पिठाला ओल लागली आणि ते मळत राहिलं की काय होतं, हे रोज भाकरी थापणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. पण डोक्यावरच्या पिठाचं तिला सुचलं नव्हतं.

आणि आता ती भ्याली होती ती पिठाला नाही. सगुणाबाईंच्या पदराखाली जे होतं त्याला भ्याली होती.

त्यांना जट होती. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. देवीने दिलेली म्हणून ती धुवायची नाही, विंचरायची नाही, कापायची तर नावच नाही. तिच्या ओझ्याने त्यांची मान कायम एका बाजूला कललेली असायची. झोपायच्या त्या एकाच कुशीवर. दर मंगळवारी दार लोटून तिला भंडारा लावायच्या आणि कधीकधी रात्री हळू आवाजात कण्हायच्या. अश्विनीने ती जट उघडी कधी पाहिली नव्हती, पण पदरामागून येणारा हळदीचा आणि कुबट केसांचा वास तिला ठाऊक होता.

माजघरात घटावर धान्य वीतभर उगवून पिवळं पडलं होतं. नंदादीप शांत जळत होता. शेजारची बाळाबाई आरतीला येऊन बसली होती. तिला गावात मान होता. कुणाच्या अंगात खरं येतं आणि कुणाच्या खोटं, हे तीच ठरवायची. सगुणाबाई झेंडूच्या माळेची गाठ मारत होत्या. ओट्यावर गोरख, अश्विनीचा नवरा, टेम्पोची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता.

अश्विनी माळ चढवायला वाकली. पदर घसरला आणि सैल अंबाडा सरकला. तिने एका हाताने तो सावरला, पण तोवर उशीर झाला होता.

"थांब गं," बाळाबाई म्हणाली.

तिची खरखरीत बोटं मानेवर आली. अश्विनीने श्वास धरला.

"सगुणे," बाळाबाईचा आवाज एकदम खाली गेला. "आगं, हिला जट आलीया. ऐन माळंला!"

"नाही ओ, ते..." अश्विनी म्हणाली, पण पुढचं राहूनच गेलं. कारण तिच्या आजीच्या वयाची ती बाई खाली वाकली होती आणि तिच्या पायांवर डोकं ठेवत होती. अश्विनीने पाय मागे घेतले. मागे भिंत होती.

तिने गोरखकडे पाहिलं. काल रात्री याच माणसाने तिच्या केसांना भाजलेल्या नाचणीचा वास येतो म्हणून तिची चेष्टा केली होती. त्याने किल्ली खिशात टाकली. मग हळूच चपला काढून बाजूला ठेवल्या. ओट्यावर चपला घालू नकोस म्हणून आई रोज ओरडायची तेव्हा न ऐकणारा गोरख बायकोसमोर अनवाणी उभा राहिला आणि तिच्या तोंडाकडे बघेना. अश्विनीला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या क्षणी.

"आता हिला दुकानात धाडायचं न्हाई," बाळाबाई डोळे पुसत सांगत होती. "कात्री, कंगवा घरात दिसू द्यायचा न्हाई. दसऱ्याला वाजवत न्हिऊन देवळात भंडारा भरू. ती आता तुमची न्हाई, गोरख. तिची हाय." तिने घटाकडे हात जोडले.

सांगून टाकावं, अश्विनीच्या मनात येत होतं. पण सांगायचं काय? ज्या डब्यातल्या पिठाचा देवीला निवद होतो, तेच पीठ मी घट बसल्यावर चोरून डोक्याला चोळलं? त्यावर बाळाबाई काय म्हणेल? आणि न सांगावं तर ही गाठ वाढत जाणार, खांद्यावर येणार, कमरेपर्यंत जाणार. तिलाही एका कुशीवर झोपावं लागणार.

सगुणाबाईंच्या हातात अजून दोऱ्याचं टोक तसंच होतं.

"बाळाबाई, तू घरी जा," त्या म्हणाल्या. "इतक्यात कुनाला बोलू नगंस."

"आगं, पर आरती..."

"जा म्हनते न्हवं. गोरख, तू बी जा. टेम्पो भरायचा हाय ना?"

दोघं बाहेर पडल्यावर सगुणाबाईंनी दार लावलं आणि आतून कडी घातली. नवरात्रात या घराचं दार दिवसा कधी बंद होत नसे. आत फक्त दिव्याचा उजेड उरला.

"बस हितं."

अश्विनी बसली. सासूची बोटं तिच्या केसांत शिरली, गाठीभोवती फिरली, थांबली. आता त्या भंडारा लावणार, अश्विनीला वाटलं, आणि एकदा तो लागला की कुणाचंच काही चालणार नाही.

"पीठ आहे ते, आत्या!" ती जवळजवळ ओरडलीच. "तांदळाचं. आणि नाचणीचं. केस लई तेलकट झाले होते म्हणून मी डब्यातलं घेऊन चोळलं. कंगवा लावायचा नव्हता म्हणून निघालं नाही. मला जट नको, आत्या. तुमच्या पाया पडते, मला नको."

अश्विनीने मान खांद्यांत ओढून घेतली. आता फटका बसणार अशी तिची खात्री होती.

नखाने खरवडल्याचा बारीक आवाज आला. सगुणाबाईंनी गाठीतला एक कण काढला, दिव्याजवळ नेऊन बोटांत चुरडला, हुंगला आणि जिभेवर ठेवला.

"नाचनी," त्या म्हणाल्या.

बोट त्यांनी पदराला पुसलं.

"निवदाच्या पिठाला हात लावलास?"

"हो."

"इचारायचं न्हाईस?"

"भ्याले."

"सुटंल का ह्ये?"

"तेल लावून हळूहळू... पण कंगवा लागंल."

दोघींनी एकदमच घटाकडे पाहिलं. सगुणाबाई उठल्या. बाळाबाईला हाक मारायला निघाल्या असं अश्विनीला वाटलं. पण त्या दाराकडे गेल्या नाहीत. फडताळातून त्यांनी फडक्यात गुंडाळलेला कंगवा काढला आणि येताना नंदादीपाशेजारची तेलाची बुधली उचलली.

तेल गार होतं. कंगव्याचे दात केसांत अडकत होते, आणि प्रत्येक वेळी कंगवा फिरला की त्या थांबून दिव्याकडे बघत होत्या. दिवा जळत होता. पुन्हा कंगवा, पुन्हा दिवा. अश्विनीही तिकडेच बघत होती. वात हलली नाही. हळूहळू गाठ मऊ झाली, फुटली, आणि पिठाचे तांबूस गोळे सगुणाबाईंच्या मांडीवर पडू लागले. शेवटी बट सुटून मोकळी पाठीवर आली.

सगुणाबाईंनी मांडीवरचा चुरा तळहातावर गोळा केला. मूठभरसुद्धा नव्हता. त्या त्याकडे बघत राहिल्या.

"गोरखच्या येळंला म्या लई दिस पडून व्हते," त्या म्हणाल्या. "ताप उतरंना. डोस्क्याला पानी न्हाई का फनी न्हाई. उठून बसले तवा मागं ह्ये आलं व्हतं. ह्याच बाळाबाईची सासू माझ्या पाया पडली."

अश्विनी त्यांच्याकडे वळून बसली.

"मला कुनी इचारलं न्हाई, कशानं झालं म्हनून. म्या बी न्हाई इचारलं."

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. बाळाबाईच्या पोटात काही राहिलं नव्हतं. चार-सहा बायका तरी असाव्यात. कुणीतरी ताटात हळद-कुंकू आणल्याचं बोलत होतं. दारावर थाप पडली.

"सगुणे, उगड. बाया आल्यात पाया पडाया."

अश्विनीने सासूचा हात घट्ट धरला. सगुणाबाईंनी कडीकडे पाहिलं, घटाकडे पाहिलं.

"जट न्हाई ती," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "पीठ व्हतं केसात. सुटलं."

"सुटलं? कशानं सुटलं?"

सगुणाबाईंनी चुऱ्याची मूठ मिटली.

"कंगव्यानं. म्या इंचरलं."

बाहेर कुजबुज, बांगड्यांचा आवाज, आणि एकेक पाऊल लांब जाऊ लागलं. "बघून घील ती तुमाला," बाळाबाई जाता जाता म्हणाली. ते दोघींनी ऐकलं.

सगळं शांत झाल्यावर सगुणाबाई बसल्या जागी वळल्या. अश्विनीकडे पाठ केली आणि डोक्यावरचा पदर खाली सोडला.

अश्विनीने ती जट पहिल्यांदाच पाहिली. मनगटाएवढी जाड, भंडाऱ्याने पिवळी पडलेली, कासऱ्यासारखी पाठीवरून कमरेपर्यंत उतरलेली. तिने भीतभीत हात लावला. लाकूडच. कंगव्याचा एक दातही आत गेला नसता.

"सुटंल का ह्ये?" सगुणाबाईंनी विचारलं. मघासारखंच, त्याच शब्दांत.

अश्विनीला खोटं बोलावंसं वाटलं. पण या बाईने आत्ताच तिच्यासाठी दाराआडून जे सांगितलं होतं, त्यानंतर खोटं तोंडातून निघेना.

"न्हाई, आत्या. कापायला लागंल."

सगुणाबाईंनी गुडघ्यांवर हात ठेवले होते. ते हात थरथरत होते, आणि त्या ते थांबवायचा प्रयत्नही करत नव्हत्या. त्यांनाही भीती वाटत असेल, हे इतक्या महिन्यांत अश्विनीच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ती पुढे सरकली आणि तिने आपला तेलकट हात त्यांच्या कललेल्या मानेवर ठेवला.

शिवणाचा डबा फडताळातच होता. दोघींनाही ते ठाऊक होतं.

"कडी नीट बसलीया का," सगुणाबाई म्हणाल्या, "त्ये बघ आदी."