पाईनखालचं वळण

यामिनी पहिल्यांदा शर्यतीत उतरली ती थंडीला कंटाळून.

तिचा नवरा निनाद हिवाळ्यातल्या दर रविवारी सायक्लोक्रॉस खेळायला जायचा, आणि ती नऊ वर्षांच्या ऋतिकाला घेऊन गाडीत हीटर लावून बसायची. ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या गुंगालिनच्या घरापासून अर्ध्या तासावर, पाईनच्या झाडीला लागून असलेल्या एका माळावर क्लबची शर्यत भरायची. सायक्लोक्रॉस हा तसा वेडाचाच प्रकार. रस्त्यावर चालवतात तशी दिसणारी सायकल घ्यायची आणि ती चिखलातून, वाळूतून, निसरड्या उतारावरून दामटायची. मध्येच आडव्या फळ्या रोवलेल्या असतात, तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर मारून पळायचं आणि पलीकडे जाऊन पुन्हा उडी मारून बसायचं. पाऊण तास हेच. जिंकणाऱ्याला कुणाच्या तरी परसातल्या लिंबांची पिशवी मिळायची.

निनाद चिंचवडचा. सरकारी खात्यात आयटी कॉन्ट्रॅक्टर. ऑफिसातल्या एकाने ओढून नेलं म्हणून गेला आणि तिथलाच झाला. यामिनीला मात्र त्यात काही राम वाटत नव्हता. एका सकाळी क्लबची नावनोंदणी बघणारी बेव्ह, ही सत्तरीला टेकलेली निवृत्त शिक्षिका, गाडीच्या काचेवर टकटक करत म्हणाली, "बसून राहिलीस तर गोठशील. माझी जुनी सायकल आहे. एक फेरी मारून बघ."

यामिनी साताऱ्याच्या शाळेत खो-खो खेळलेली. पळता पळता दिशा बदलायची, बसल्या जागेवरून उठून सुटायचं, हे तिच्या अंगातच होतं. फक्त लग्न, व्हिसा, ऋतिका आणि पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी या सगळ्यात ते तळाशी जाऊन बसलं होतं. त्या दिवशी पहिल्याच फळीशी ती अशी उतरली आणि अशी चढली, की कडेला बिस्किटं खात उभी असलेली माणसं खाणं थांबवून बघत राहिली. निनादला केवढा अभिमान वाटला होता. घरी जाताना तो सारखा तेच बोलत होता.

मग दोघांच्या रविवारांना एक शिस्त आली. पहाटे गवतावर पांढरं दव गोठलेलं असतानाच पोहोचायचं. बेव्हच्या टेबलावरून नंबर घ्यायचे आणि एकमेकांच्या पाठीवर पिनांनी टोचायचे, कारण स्वतःच्या पाठीवर नंबर कुणालाच नीट लावता येत नाही. गार बोटांनी पिन लागत नसे, तेव्हा यामिनी म्हणायची, "टोचलीस तर बघ." मग वाटेची पाहणी करायला एक फेरी सावकाश मारायची. कुठे चिखल झालाय, कुठून वळायचं, कुठे उतरायचं ते ठरवायचं. आणि सगळ्यात शेवटी हवा. टायर कडक असेल तर निसरड्यावर पकड राहत नाही, फार मऊ असेल तर दगडावर आपटून बसतो. गाड्यांच्या डिक्या उघड्या टाकून माणसं तासभर त्यावरच बोलत असत. या बाबतीत निनादचं नाव होतं. तो अंगठ्याने टायर दाबायचा, थोडी हवा सोडायचा, पुन्हा दाबायचा. ऑस्ट्रेलियन मंडळीसुद्धा विचारायला यायची, "निनाद मेट, आज काय म्हणतो अंगठा?" तोही हातचं काही न राखता सांगायचा. यामिनीची सायकल तर त्याच्याकडेच असायची. तिने कधी पंपाला हातही लावला नाही. "किती ठेवायची?" एवढंच विचारायची, आणि तो ठेवेल ती.

दुसऱ्या हिवाळ्यात ती त्याच्या ग्रेडमध्ये आली. त्या क्लबात बायका-पुरुष वेगळे धावत नसत; ज्याचा जसा वेग, तशी त्याची ग्रेड.

जूनमधल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शर्यतीत, चढावरच्या मोक्याच्या जागी, जिथे बघे घंटा वाजवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करत उभे असतात, तिथे यामिनीने निनादला गाठलं. तो सायकल खांद्यावर घेऊन धापा टाकत चढत होता. ती बाजूने गेली. जाताना "चल, चल" म्हणाली. वरून कुणीतरी ओरडलं, "निनाद, तू पोचेपर्यंत तिचा स्वयंपाक होईल बघ." सगळे हसले. अशी टिंगल हा तिथला रिवाजच होता. ज्याची टिंगल होत नाही त्याला वाईट वाटावं, इतकं त्यात प्रेम होतं. निनादही हसला. पण शर्यत संपल्यावर तो एकटाच सायकल धूत बसला आणि ऋतिकाने दोनदा हाक मारली तरी त्याने वर पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यांत यामिनी आणखी वर, ए ग्रेडमध्ये गेली. निनादला आतून काय होत होतं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. ती जेवताना कुठल्या तरी वळणाबद्दल सांगू लागली की तो फोन बघायचा. "तुझं बरं आहे, तुझं वजन कमी," असं एकदा म्हणाला. ती म्हणाली, "दमलायस का? ऑफिसचं काही?" तो म्हणाला, "हो, रिलीज आहे."

ऑगस्टमध्ये मोसमातली शेवटची, मानाची शर्यत आली. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि पहाटे सगळं गोठलं होतं. येताना गाडीत ऋतिकाला उलटी झाली. तिला स्वच्छ करून, कपडे बदलून बसवण्यात यामिनीची पाहणीची फेरी हुकली. निनाद मात्र फिरून आला. पाईनच्या सावलीत एक उतरतं वळण होतं. वरून नुसता चिखल दिसत होता, पण खाली बर्फाचा पापुद्रा होता. त्याचं चाक तिथे सटकलं, पाय टेकला म्हणून तो वाचला. परत येताना भेटेल त्याला तो सांगत आला, "पाईनखाली जपून. हवा सोड, नेहमीपेक्षा बरीच सोड." बेव्हही त्या दिवशी धावणार होती, तिला तर त्याने स्वतः हवा सोडून दिली.

गाडीशी यामिनी घाईघाईने हेल्मेट बांधत होती. ए ग्रेडला बोलावणं सुरू झालं होतं.

"निनाद, मी काहीच बघितलं नाहीये रे. किती ठेवायची?"

त्याने वाकून टायर दाबला. मागच्या रविवारी कोरड्या जमिनीसाठी भरलेला तो टायर दगडासारखा लागत होता. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, "यामिनी, आज तुझाच दिवस आहे." ती हात हलवून हसली. निनादचा अंगठा टायरवरच होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "जा."

दुसऱ्या फेरीला ती तिसरी होती. पाईनखाली तिचं चाक असं गेलं की सायकल एकीकडे आणि ती दुसरीकडे, कडेच्या खुंटावर. निनाद धावत पोहोचला तेव्हा ती मनगट पोटाशी धरून चिखलात बसली होती. त्याला बघून म्हणाली, "मीच घाई केली."

हाडाला बारीक चीर गेली होती. प्लास्टर घातलं. निनादने घर सांभाळलं. डबे, कपडे, ऋतिकाच्या वेण्या, सगळं. यामिनीला आंघोळीनंतर केस पुसून द्यायचा. "किती करतोस रे," ती म्हणायची, आणि त्याला ते ऐकवत नसे.

एकदा फिजिओकडे जाताना त्याने सांगायचं ठरवलं. लाइट रेलच्या, म्हणजे ट्रामच्या, सिग्नलपाशी गाडी थांबली होती. तो म्हणाला, "यामिनी, त्या दिवशी..."

"नको तो विषय," ती म्हणाली. "मी खूप विचार केला. हवा तर तू बघितली होतीस, म्हणजे सायकलचा दोष नाही. माझंच काळीज भित्रं. वळणावर घाबरले असणार. शाळेतसुद्धा मोठ्या मॅचला माझं असंच व्हायचं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "सायकल विकून टाकू या. उगाच गॅरेजमध्ये जागा अडते."

ट्राम गेली. मागच्या गाडीने हॉर्न दिला. निनादने गाडी पुढे घेतली आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

ऑक्टोबरात क्लबचं बार्बेक्यू होतं. यामिनी जायला तयार नव्हती, बेव्हने फोन करून गळ घातली. ऋतिका इतर मुलांबरोबर ट्रॅम्पोलिनवर गेली. बेव्ह ताट घेऊन दोघांच्या शेजारी येऊन बसली, यामिनीचं मनगट हातात घेऊन बघितलं आणि निनादकडे वळून मनापासून म्हणाली, "त्या दिवशी तू माझी हवा सोडलीस म्हणून मी धड घरी गेले. या वयात पडले असते तर उठलेच नसते. अर्ध्या लोकांना वाचवलंस तू, पाईनखाली बर्फ आहे म्हणून सांगून."

निनाद "नो वरीज" म्हणाला. त्याने यामिनीकडे पाहिलं नाही. ती बेव्हशी लॅबबद्दल, मुलीबद्दल बोलत राहिली, सॅलड संपवलं, पेपर प्लेट नीट दुमडून टाकली. मग म्हणाली, "निनाद, जरा गाडीशी ये."

गाडीशी ती दाराला टेकून उभी राहिली.

"बेव्हला सांगितलंस. सगळ्यांना सांगितलंस. मला नाही?"

त्याने नजर गाडीच्या चाकाकडे नेली.

"विसरलास?"

विसरलो म्हणणं सोपं होतं. तिने ते कदाचित मानलंही असतं. "नाही," तो म्हणाला.

"मग?"

"जूनमध्ये तू पुढे गेलीस ना, चढावर. लोक हसले..."

"मीपण हसले होते," यामिनी म्हणाली. "मला वाटलं, आपण दोघंही हसतोय."

मग आवाज न चढवता, जणू स्वतःलाच, म्हणाली, "पहिल्याच वळणावर मला टायर कडक लागला होता. थांबून हवा सोडता आली असती. म्हटलं, निनादने बघितलंय. आणि दोन महिने मी स्वतःला भित्री समजतेय. तू ऐकत होतास."

"मी सांगणार होतो."

"हो," ती म्हणाली आणि ऋतिकाला हाक मारायला गेली.

त्या दिवसानंतर घरात भांडण असं झालं नाही. निनादने माफी मागितली, एकदा नाही, बऱ्याचदा. तिने "ठीक आहे" म्हटलं, आणि ते काही खोटं नव्हतं. हप्ते, शाळा, भारतातले फोन, सगळं पूर्वीसारखं चाललं. सायकल मात्र तिने विकली नाही. उन्हाळाभर ती पहाटे एकटीच घेऊन जायची. गॅरेजमधून पंपाचा आवाज यायचा, मग हवा सोडल्याचा, मग पुन्हा पंपाचा. निनाद आत अंथरुणात जागा असायचा. एकदा उठून दारापर्यंत गेला, ती खाली वाकून टायर दाबत होती. त्याने काही विचारलं नाही. तो परत आला.

पुढच्या हिवाळ्यात ती बेव्हच्या गाडीतून जाऊ लागली. "ऋतिकाला घेऊन सावकाश या, थंडी आहे," म्हणायची. निनादने त्या वर्षी नाव नोंदवलं नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. लोक विचारायला आले की तो हवा सांगायचा, पण मन नसायचं.

जुलैमधल्या शर्यतीत यामिनीच्या सायकलची साखळी तुटली, तीही अडीअडचणीला म्हणून दुसरी सायकल ठेवलेल्या जागेपासून अगदी लांब. नियमाप्रमाणे तिथपर्यंत पायीच जायचं. तिने सायकल खांद्यावर टाकली आणि पळत सुटली. चिखलातून, चढावरून. कडेची सगळी माणसं तिच्याबरोबर ओरडत धावत होती. ऋतिका "गो आई, गो" करत पुढे पळाली. निनाद वाटेला लावलेल्या तारेच्या कडेने थोडं अंतर धावला. ती त्याच्यासमोरून गेली, श्वास फुललेला, तोंडावर चिखल, आणि खो-खोच्या मैदानावर ती कशी दिसत असेल ते त्याला पहिल्यांदा दिसलं. तो "चल, चल" म्हणाला. एवढ्या गलक्यात तिला ते ऐकू गेलं नसावं.

ती शेवटून दुसरी आली. तो तिचं जॅकेट घेऊन पोहोचला तोवर बेव्हने तिच्या अंगावर घोंगडी टाकली होती आणि ती हातवारे करून पाच-सहा जणींना साखळीची हकिकत सांगत खिदळत होती. निनाद थोडा वेळ उभा राहिला, मग जॅकेट गाडीत ठेवून आला.

संध्याकाळी घरी वरणाला फोडणी देताना तिने त्यालाही सगळं सांगितलं. साखळी कुठे तुटली, कोण काय ओरडलं, काहीही न गाळता, पाहुण्याला सांगावं तसं.

"खांदा दुखतोय का?" त्याने विचारलं.

"नाही, ठीक आहे," यामिनी म्हणाली. "ताटं घेतोस?"

त्याने ताटं घेतली.