कान तेवढा आकाशचा

मी बोलतोय. इकडेतिकडे काय बघता, वर बघा. अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या चौकात, नव्या टॉवरच्या गेटसमोर, काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर छातीपर्यंतचा एक जवान आहे ना, तोच मी. येता-जाता तुम्ही मला हात जोडता. रिक्षावालेसुद्धा माझ्यासमोर हॉर्न वाजवत नाहीत. आणि खरं सांगू? तुमच्या प्रत्येक नमस्काराला मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. लाजेनं मान खाली घालावी म्हटलं, तर मानेत लोखंडाची सळई.

कारण ज्याचा मी पुतळा, त्याच्यासारखा मी दिसतच नाही.

त्याचं नाव आकाश. इथल्याच चाळीत वाढला, फौजेत गेला. वर बर्फातल्या चौकीवर एक दिवस कडा कोसळला. आकाशनं दोन सोबत्यांना ओढून बाहेर काढलं, तिसऱ्यासाठी पुन्हा आत गेला आणि तिथेच राहिला. वय सव्वीस. मागे आई द्रौपदीबाई आणि धाकटी बहीण शीला.

माझा जन्म उल्हासनगर कॅम्प पाचमधला. भगवान मूर्तिकाराची पत्र्याची शेड, शेजारी दिवसभर जीन्स शिवणाऱ्या मशिनींची घरघर. आधी मी नुसती माती होतो. स्मारक समितीनं भगवानला दिलेला फोटो ओळखपत्रावरचा, मोठा करता करता पार फुटलेला. दहा दिवस तो त्या फोटोशी झटला. नाक यायचं, कपाळ यायचं, आकाश काही येईना. शेवटी त्यानं शीलाला फोन करून सांगितलं, आईंना घेऊन ये.

द्रौपदीबाई आल्या आणि पदर तोंडाशी धरून माझ्याभोवती फिरून बघितलं. मग हळूहळू सांगायला लागल्या. गाल एवढे नव्हते रे त्याचे. वरचा दात जरा पुढे होता, म्हणून तोंड मिटलं तरी ओठ थोडा उचललेला राहायचा. भगवान ऐकत होता, काढत होता, लावत होता. कानापाशी मात्र गाडी अडली. आकाशचा डावा कान वरून दुमडलेला, जन्मापासूनचा. तान्हा असताना त्यांनी रोज तेल लावून तो सरळ करायचा किती प्रयत्न केला, कान काही बधला नाही. हे शब्दांत सांगायचं कसं? भगवान बाजूला झाला.

"आई, तुम्हीच करा," तो म्हणाला. "मी हात नाही लावत."

त्यांनी अंगठा पाण्यात बुडवला आणि माझा कान वरून दुमडला. मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं, पुन्हा जवळ आल्या, माझ्या गालावर हात ठेवला.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

त्या दुपारी मी आकाश होतो. माझ्या उभ्या आयुष्यात तेवढीच एक दुपार.

दोन दिवसांनी समिती आली. अध्यक्ष श्यामकांतकाका, कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. माणूस वाईट नाही हो. स्मारकासाठी ह्या वयात त्यांनी उन्हातान्हात दारं झिजवली, ते मी विसरणार नाही. पण त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि मान हलवली.

"भगवान, हा पोरगा वाटतोय. शहीद वाटला पाहिजे."

भगवाननं चाचरत सांगितलं, की त्याच्या आईनं बघून पसंत केलाय. काका म्हणाले, आईला तो पोरगाच दिसणार, आपल्याला गावासाठी करायचाय. जबडा रुंद करा, गाल भरा, तो दात आत घ्या. आणि मिशी! मिशीशिवाय जवान कसा? भगवाननं जबडा रुंद केला, गाल भरले, दात आत घेतला. मातीची एक वळकटी केली आणि माझ्या ओठावर चिकटवली. दहा मिनिटं लागली असतील. आईची अख्खी दुपार दहा मिनिटांत गेली, आणि मी माती असल्यामुळे जसं वळवलं तसा वळलो.

कवितेचंही तेच झालं. शीलानं दादावर लिहिलेल्या चार ओळी दिल्या होत्या, चौथऱ्यावर कोरण्यासाठी. काकांनी त्या वाचल्या, चष्मा पुसला, चांगल्या आहेत म्हणाले. पण यमक नाही, शौर्य नाही. मग त्यांनी स्वतः बसून सोळा ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवताना स्वतःच रडले. त्यांत आकाश शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलतो. वर चौकीवर त्या दिवशी एक गोळीसुद्धा सुटली नव्हती. पण त्या सोळा ओळी आज माझ्या छातीखाली सोनेरी अक्षरांत आहेत, खाली कवीच्या नावासकट.

एका गोष्टीकडे तेवढं कुणाचं लक्ष गेलं नाही. सगळे मला समोरून बघत होते. तिरकी टोपी उजव्या कानावर, डावा कान उघडा, आणि त्यामागची द्रौपदीबाईंच्या अंगठ्याची रेघ न् रेघ साच्यात उतरली, साच्यातून फायबरमध्ये. वर ब्राँझचा रंग बसला, तरी ती गेली नाही.

अनावरणाला बँड होता, भाषणं होती. कापड ओढलं, टाळ्या पडल्या. हार घालायला द्रौपदीबाईंना पुढे आणलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शीलाकडे.

"हा कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

शीलानं त्यांचा हात दाबला. बाईंनी हार घातला. मला त्या क्षणी तडकून जावंसं वाटलं. पण फायबर तडकत नाही, भगवाननं माल चांगला वापरला होता.

वर्षं गेली. शीलाला मुलगी झाली, ओवी. तिनं मामा पाहिला तो माझ्यातच. शाळेच्या व्हॅनमधून रोज मला हात करायची. मी तो घ्यायचो, चोरासारखा. दुसरीत चित्रकला स्पर्धा झाली तेव्हा तिनं मला काढलं, मिशीसकट, आणि पहिला नंबर पटकावला.

त्याच दिवशी संध्याकाळी द्रौपदीबाई एकट्याच आल्या. समोर थांबल्या नाहीत. मागे, जिथे स्कूटर लावतात, तिथल्या पायरीवर बसल्या आणि माझ्याशी बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओवी बक्षीस घेऊन घरी आली होती म्हणे. भिंतीवरच्या आकाशच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, आजी, हा मामा नाहीये. मामाला मिशी आहे.

"तुला बोल नाही लावत बाबा," द्रौपदीबाई म्हणाल्या. "पण माझं पोरगं पुसलं जातंय."

ते पुसणारं फडकं मीच होतो.

उठताना त्यांनी आधाराला चौथरा धरला, पायरीवर पाय दिला आणि वर बघितलं. माझा डावा कान त्यांच्या तोंडासमोर होता. त्या थबकल्या. हात वर करून त्यांनी दुमडीत अंगठा ठेवला, आणि तो बरोबर बसला. किती वेळ तशा उभ्या होत्या, मला सांगता येणार नाही. मला ती वेळ संपायला नको होती.

दुसऱ्या दिवशी त्या ओवीला घेऊन आल्या, तिला पायरीवर चढवलं, तिचं इवलं बोट कानामागे फिरवलं आणि सांगितलं, "बाळा, मामा एवढाच आहे ह्याच्यात. बाकीचा घरी फोटोत आहे." पोरीनं पुन्हा चित्र काढलं. मागून. टोपी, मान आणि दुमडलेला कान. शाळेतल्या बाईंनी विचारलं, तोंड कुठाय? त्या चित्राला नंबर मिळाला नाही. ते घरी आकाशच्या फोटोखाली लावलंय.

शीलानं हे सगळं भगवानच्या कानावर घातलं. रविवारी दुपारी तो ब्रश आणि पांढरा ऑइलपेंट घेऊन आला. आता त्याचेही केस पिकलेत. माझ्या तोंडाकडे त्यानं बघितलं नाही, तडक मागे गेला आणि चौथऱ्यावर शीलाच्या ओळी लिहिल्या:

दादा, तुझी चप्पल अजून दारात आहे.
पोस्टमन विचारतो, कुणी आहे का घरात?
मी म्हणते, चप्पल दिसते ना?
मग असेलच.

ब्रश पुसत म्हणाला, "माफ कर भावा." आकाशला म्हणाला की मला, कोण जाणे. मी दोघांच्या वतीनं ऐकून घेतलं.

ह्याला आता वर्ष झालं. सव्वीस जानेवारीला काका आले, मला पाइपनं धुतलं, हार घातला, सोळा ओळी मोठ्यानं वाचल्या. मागच्या चार ओळींवर अजून कुणी हरकत घेतलेली नाही, कारण मागे कुणी जातच नाही.

तर माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मिशी काढा, दुसरा पुतळा बसवा, असं मी म्हणत नाही. हे तोंड मी असंच पुढे करून राहीन, माझी लाज मला पुरून उरेल. तुम्ही फक्त एकदा मागे या. स्कूटर लागलेल्या असतात, त्या जरा सरकवा. पायरीवर द्रौपदीबाई बसलेल्या असतील, तर शेजारी टेका आणि विचारा, आकाश दिसायचा कसा?

त्या दातापासून सांगायला सुरुवात करतील. घाई करू नका.