तोंडाने सांगेल

त्या मंगळवारी सकाळी मार्वेला कुचेराचं एकच मागणं होतं: जोलीन हॅडलीने तोंड उघडावं.

नेब्रास्कातल्या त्या लहानशा कॉलेजात नर्सिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि मार्वेला त्याची प्रमुख. तीन वर्षांपूर्वी मान्यता देणाऱ्या मंडळाने तिची उद्दिष्टं लाल शाईने रंगवून परत पाठवली होती. ‘विद्यार्थिनीला रुग्णाची सुरक्षितता समजेल’ असं तिने लिहिलं होतं. समजणं मोजणार कसं, असा शेरा आला. ‘रुग्णाबद्दल आस्था वाटेल’ यापुढे तर नुसतंच प्रश्नचिन्ह होतं. मार्वेला हट्टाला पेटली. समजेल, वाटेल, जाणेल या सगळ्या क्रियापदांना तिने नारळ दिला आणि त्यांच्या जागी एकच बसवलं: ‘तोंडाने सांगेल’. सांगितलेलं ऐकू येतं, ऐकू आलं की खूण करता येते आणि खुणा मोजता येतात. मंडळ बेहद्द खूश झालं.

तेव्हापासून परीक्षेत मुली बोलत सुटल्या. सरावाच्या खोलीतल्या नळाला तसंही पाणी नव्हतं. कोरड्या बेसिनपुढे उभं राहून ‘मी आता हात धुते’ म्हटलं की हात धुतले गेले. ‘मी पडदा ओढते’ म्हटलं की पडदा ओढला गेला. अशी बावीस वाक्यं होती. एका मुलीचा नवरा तक्रार घेऊन आला होता, की ही घरी ‘मी आता भांडी घासते’ म्हणते आणि सोफ्यावर बसते.

यंदा मंडळाची बाई स्वतः परीक्षा बघायला आली होती. मिसेस ग्रॅम्बी. उंच, सडसडीत, मांडीवर करड्या रंगाची फाइल. उद्दिष्ट असं होतं की ऐंशी टक्के मुली पहिल्याच प्रयत्नात पास होतील. मुली दहा. नऊ जणींची परीक्षा झाली, सात पास आणि दोन नापास. गेल्या वर्षीही आकडा हुकला होता. यंदा हुकला तर अभ्यासक्रम ‘देखरेखीखाली’ जाणार, म्हणजे नव्या मुली यायच्या बंद आणि मार्वेलाची अकरा वर्षं मातीत. आणि दहावी होती जोलीन.

जोलीनच्या हाताला यश होतं. तिने सुई टोचली तर माणसाला कळायचं नाही. पण ती बोलायची नाही. सरावात ती पडदा खरोखर ओढायची आणि बावीसपैकी चार खुणा मिळवायची.

मार्वेलाने तिला दाराबाहेर गाठलं.

“जोलीन, हे बघ. काही करू नकोस हवं तर. पण बोल.”

“बोलायचं सुचत नाही मला, मिसेस कुचेरा,” जोलीन म्हणाली. “मी वृद्धाश्रमात काम करते ना. रात्रपाळीला. सगळे झोपलेले असतात. मी बोलले तर उठतील बिचारे.”

“इथला म्हातारा जागा आहे. जागा राहायला त्याला जेवण मिळतं.”

इथला म्हातारा म्हणजे वेंडेल स्ट्रोह. ट्रॅक्टर दुरुस्तीतून निवृत्त झाल्यावर तो दर परीक्षेला रुग्ण व्हायचा. त्याला छातीत दुखण्याचं सोंग करायचं होतं, पण तो जरा जास्तच रंगात यायचा. गेल्या खेपेला तो आपल्या नांगरांची वाटणी करून मेला होता. तेव्हापासून त्याच्या विव्हळण्याकडे कोणी लक्ष देत नसे.

जोलीन आत आली. बेसिनपाशी गेली. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मार्वेलाने परीक्षेच्या कागदावरची पहिली चौकट रिकामी सोडली.

पलंगावर वेंडेलने गळ्याकडे हात नेला. चेहरा लालबुंद झाला, डोळे बाहेर आले.

“छातीला हात, वेंडेल, छातीला,” मार्वेला हळूच पुटपुटली.

वेंडेल ऐकेना. तो पाय झाडू लागला. मिसेस ग्रॅम्बीने कौतुकाने मान डोलावली. लाल रंग जांभळ्याकडे झुकला, तेव्हा मार्वेलाला उशीखालचा कागद दिसला. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ताटातला कोलाच, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, या गृहस्थाने पळवला होता आणि परीक्षा सुरू असताना पांघरुणात तोंड घालून हाणत होता.

जोलीनने तोवर त्याला उठवून बसवलं होतं. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आपल्या गळ्याला हात लावला. त्याने मान हलवली. तिने त्याच्या पाठीत रट्टे घातले, पाच. मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ रोवली आणि वर खेचली. तिने एकही शब्द काढला नाही.

मार्वेला ताठ उभी राहिली आणि परीक्षेच्या खणखणीत आवाजात म्हणाली, “मी आता मदतीसाठी फोन लावते.”

तिसऱ्या हिसक्याला कोलाचचा तुकडा सुटला आणि सरळ मिसेस ग्रॅम्बीच्या करड्या फाइलवर जाऊन बसला. वेंडेलने असा श्वास घेतला की ऐकून मार्वेलाच्या डोळ्यांत पाणी आलं. जोलीन त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मिसेस ग्रॅम्बीने रुमालाने फाइल पुसली. “ॲम्ब्युलन्स किती वेळात येते इथे?”

“आठ मिनिटांत.”

“मग येईलच आता.”

मार्वेलाने खिशातून फोन काढला. फोन बंद होता. तो तिने सकाळी परीक्षेसाठी स्वतःच बंद केला होता. ती त्या काळ्या काचेकडे बघत राहिली. तीस वर्षं नर्स होती ती. त्यातली बारा तिने तातडीच्या विभागात काढली होती.

“मी म्हटलं होतं,” ती म्हणाली. तिला तिचाच आवाज ऐकून शरम वाटली.

मग तिने फोन चालू केला आणि खरंच लावला. दाबून ओढलेल्या पोटाची तपासणी व्हायलाच हवी होती.

मार्वेला परीक्षेचा कागद घेऊन बसली. कागदावर घशात घास अडकण्याची चौकट नव्हती. बावीस चौकटी होत्या आणि बावीसही कोऱ्या. तिच्या हातात पेन होतं. अठरा खुणा केल्या असत्या तर पोरगी पास झाली असती, अभ्यासक्रम वाचला असता आणि मिसेस ग्रॅम्बीनेही बहुधा दुसरीकडे पाहिलं असतं, कारण ती आपली फाइल पुसण्यात गढली होती.

मार्वेलाने शून्य लिहिलं. खाली शेऱ्यात लिहिलं: ‘विद्यार्थिनी काही बोलली नाही. तिने रुग्णाचा जीव वाचवला. परीक्षक फोन लावते असं बोलली. तेव्हा तिने तो लावला नाही.’ सही केली आणि कागद पुढे सरकवला.

“दुसरा प्रयत्न तिला नियमाने मिळतो,” ती म्हणाली. “दुपारी घेऊ, दुसरा रुग्ण बघून. पण पहिल्या प्रयत्नाचा आकडा सत्तरच राहील. आणि पुढच्या वर्षी मी हे क्रियापद काढून टाकणार आहे. काय घालायचं ते अजून सुचलेलं नाही.”

मिसेस ग्रॅम्बीने शेरा दोनदा वाचला. “तुम्हाला ठाऊक आहे याचा अर्थ काय होतो.”

“ठाऊक आहे.”

“मी लिहीन तसं. सत्तर.” ती थांबली. “हा शेराही जोडते सोबत. एवढ्या वर्षांत असा शेरा मला कोणी दिला नव्हता.”

तेवढ्यात पलंगावरून घोगरा आवाज आला.

“मार्वेला, एक विचारू? ही पोरगी तुझी सगळी वाक्यं घडाघडा बोलली असती आणि मी इथेच मेलो असतो, तर किती टक्के झाले असते?”

मार्वेलाने जोलीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“ऐंशी,” ती म्हणाली.