पालखीच्या दिवसांतली पाहणी

आप्पांनी युनिफॉर्मचा निळा शर्ट विठूच्या अंगात चढवला तेव्हा पोटावरचं बटण लागेना. खिशावर ‘प्रशिक्षणार्थी’ असं लिहिलं होतं, आणि विठू चौतीस वर्षांचा होता.

“पोट आत घे.”

“सर, दुपारी पालकी आमच्या दारात येते. तवर सोडाल ना?”

“साहेब गेले की लगेच.”

रत्नागिरीच्या या प्रशिक्षण केंद्रात वेल्डिंग शिकवण्यात आप्पांची चोवीस वर्षं गेली होती. जिल्ह्यातले कुशल हात दाखवून एका कंपनीचा कारखाना इथे आणायचं सरकारने मनावर घेतलं होतं, आणि आज त्या कंपनीचे साहेब पाहणीला येणार होते. त्यांनी होकार दिला तर वेल्डिंगची तुकडी टिकणार, नाहीतर जूनपासून वर्कशॉपला कुलूप. तारीख मुंबईहून ठरली. तिथल्या कॅलेंडरात होळी लाल, पालखीचे दिवस काळे. शिमग्यात कोकणातलं पोर वर्गात बसेल असं ज्याला वाटलं त्याला कोपरापासून नमस्कार! एकूण एक मुलगा गावाला पळाला होता. शेवटी रजा काढून पालखीला आलेले पाच जुने विद्यार्थी आप्पांनी फोन करकरून बोलावले. आप्पांना लाज वाटत होती. पण त्याहून जास्त ते थकले होते.

साहेब अकराला आले. प्राचार्या राजश्रीबाई त्यांना भिंतीवरचे तक्ते दाखवत होत्या, पण ते सरळ विठूच्या मागे जाऊन उभे राहिले. विठूने काच तोंडासमोर धरली, दोन पट्ट्या जोडल्या, हातोडीने वरची खपली ठोकून काढली. खालचा सांधा सरळ आणि एकसारखा होता.

“कितवं वर्ष?”

“पहिलं,” आप्पाच म्हणाले.

सांधा पाहायला वाकलेले साहेब तसेच थांबले. विठूच्या पायांत जाड काळे बूट होते, घोट्याशी कंपनीची पिवळी खूण असलेले. तसलेच बूट साहेबांच्याही पायांत होते. आप्पांनी शर्ट बदलला होता, पायांकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

“कुठली शिफ्ट?” साहेबांनी हळूच विचारलं.

विठूने आप्पांकडे पाहिलं. “दुसरी. चाकणला, साहेब.”

“रजा?”

“आठ दिवस.”

बाकीच्या चौघांनी तोंडासमोरच्या काचा खाली घेतल्या नाहीत.

“चूक माझी,” आप्पा म्हणाले. “पण यांना शिकवलंय मीच.”

साहेबांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग विठूला म्हणाले, “कारखाना इथं आला, तरी शिमग्याला आठ दिवस रजा?”

“नाय वो साहेब. जेवायला घरी जाऊ, तेवाच देवाच्या पाया पडू.”

“आज किती वाजता येते पालखी?”

“दोनला.”

“मग निघा तुम्ही सगळे.”

आप्पांनी खाली मान घातली. पाचही जण शर्ट उतरवत दाराकडे गेले. साहेब पट्टी हातात धरून उभेच होते.

“असे किती शिकवलेत आजवर?”

“सहाशेच्या वर असतील.”

“त्यातले इथं किती आहेत?”

आप्पांनी दाराकडे पाहिलं. पाच निळे शर्ट खुंट्यांना लटकत होते, आणि विठू फाटक ओलांडून एस्टीमागे धावत सुटला होता.

“पाच होते,” आप्पा म्हणाले, “आत्तापर्यंत.”